पिकअपचं नाक उचलायचं की अख्खी गाडी? लेव्हलिंग आणि लिफ्टमधली निवड

पिकअप सपाट जागी उभी करून दहा पावलं लांबून, बाजूनं पाहिली की नाक खाली आणि शेपूट वर दिसतं. फोर्डची एफ-१५० घ्या, शेव्हरोलेची सिल्व्हराडो घ्या नाहीतर टोयोटाची टाकोमा. कारखान्यातून गाडी अशीच येते. पुढच्या-मागच्या उंचीत साधारण १ ते ३ इंचांचा फरक असतो. आमच्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी ज्यांनी पिकअप घेतली, त्यांच्या डोळ्यांना हे महिना-दोन महिन्यांत खुपायला लागलं आणि मग मला फोन आला: “लेव्हल करू की लिफ्ट?”

मी उलट एकच विचारतो. माल भरून, ट्रेलर जोडून गाडी मोजली आहेस का? आजवर एकानंही हो म्हटलेलं नाही. मीही माझ्या वेळी मोजली नव्हती आणि त्याची किंमत मोजली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. लेव्हलिंग म्हणजे फक्त पुढची बाजू उचलून मागच्या बाजूच्या बरोबरीला आणणं. लिफ्ट म्हणजे पुढची आणि मागची, दोन्ही बाजू उचलणं. दुकानात दोन्ही किटं एकाच फळीवर ठेवलेली असतात, त्यामुळे लिफ्ट म्हणजे मोठं लेव्हलिंग असं वाटतं. पण त्यांची कामं वेगळी आहेत.

नाक खाली का ठेवलेलं असतं

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर बहुतेक गाड्यांत पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, असतात. रॅम १५०० सारख्या काही गाड्यांत कॉइल स्प्रिंग असतात, पण तत्त्व तेच. रिकाम्या गाडीत इंजिनाचं सगळं वजन पुढे आणि मागं नुसता पत्र्याचा हौदा. त्याच हौद्यात उद्या हजार पौंड माल पडणार, वर ट्रेलरचा दांडा मागच्या बंपरखाली दाबणार. तेव्हा पाटे बसतात, शेपूट खाली येतं आणि गाडी सपाट होते. म्हणजे रिकाम्या गाडीत जो उतार दिसतो तो दोष नाही, ती ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ती जागा काढून टाकायची असेल, तर ओझं आल्यावर काय होणार हे आधी ठरवायला हवं.

आमचे आजोबा कडब्याची गाडी भरताना पेंढ्या रचणाऱ्या गड्याला सारखे हटकायचे, “पुढं घे, गाडी उलाळ व्हायली.” मागं भार जास्त झाला की जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्यातली जोती ताणली जायची. लेव्हल केलेल्या पिकअपला जड ट्रेलर जोडला की नेमकं हेच होतं. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगमधला नेमकेपणा जातो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो.

पहिली पायरी: टेप घेऊन अर्धा तास काढा

गाडी सपाट जागी लावा. गॅरेजची फरशी पाण्याच्या निचऱ्यासाठी दाराकडे उतरती असते, त्यामुळे ती चालत नाही. मोठ्या पार्किंगचा मधला भाग बरा. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करा. हौदा रिकामा ठेवा. गाडी दहा फूट पुढे घ्या, तेवढीच मागे आणा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं होऊन आपल्या जागी बसेल.

मग चाकाच्या बरोबर मध्यबिंदूपासून थेट वर, मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची झीज आणि हवा त्या मापात शिरते. हबपासून घेतलेलं माप फक्त सस्पेन्शनबद्दल सांगतं. चारही चाकांची मापं कागदावर लिहा. माझ्या २०१८ च्या टाकोमाची मापं अशी आली: पुढे डावीकडे साडेएकोणीस इंच, उजवीकडे वीस, मागे दोन्हीकडे साडेएकवीस. पुढच्या डाव्या-उजव्यातला अर्धा इंच पाहून घाबरू नका, ड्रायव्हरच्या बाजूला किंचित कललेली टाकोमा ही नेहमीची गोष्ट आहे. पण तो फरक लिहून ठेवा. दोन्हीकडे एकाच जाडीचा तुकडा घातला तर कल तसाच राहतो.

आणखी एक. पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या कमानी मुळातच वेगवेगळ्या उंचीवर कापलेल्या असू शकतात. म्हणून दाराखालच्या पट्टीला गवंड्याकडे असते तशी पाणसळ लावून गाडीचा खरा उतार किती हेही पाहून घ्या. कमानी बरोबरीत आल्या म्हणजे फ्रेम सपाट झाली असं नाही.

आता खरी परीक्षा. वर्षातल्या तुमच्या सगळ्यात जड, पण नेहमीच्या दिवसासारखी गाडी भरा. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे आम्ही चौघं, तंबू, शीतपेटी, पाण्याचे कॅन आणि मागे ३,००० पौंडांचा छोटा कॅम्पर. दुसऱ्या एकासाठी तो गणेशोत्सवाचा आदला दिवस असेल, हौद्यात मखराच्या लाकडी चौकटी, घडीची टेबलं आणि स्वयंपाकाची भांडी. भरल्यावर पुन्हा चार मापं घ्या. माझी मागची बाजू पावणेवीसवर आली आणि पुढची वीसच्या थोडी वर गेली. म्हणजे भरलेली गाडी कशाला हात न लावताच सपाट होती.

हे मी केलं तेव्हा उशीर झाला होता, पुढच्या मापातून लेव्हलिंगचे अडीच इंच वजा करूनच हा हिशेब काढला. त्याआधीच अडीच इंचांचं लेव्हलिंग बसवून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी कॅम्पर ओढत यूएस-२८५ वरून केनोशा पास उतरताना समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला दिवे मारत होती. मी डिपरवर होतो, तरी माझा झोत त्यांच्या काचेवर पडत होता. पुढची बाजू साडेबावीस, मागची पावणेवीस. पावणेतीन इंचांनी नाक आभाळाकडे.

दुसरी पायरी: टायर आधी ठरवा

लोक आधी किट घेतात आणि मग त्यात कुठला टायर बसेल ते शोधतात. उलट करा. कारण गाडीखालची सर्वात खालची वस्तू, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा, कुठल्याही सस्पेन्शन लिफ्टनं एक केसभरही वर जात नाही. तो ॲक्सल चाकांना जोडलेला आहे, फ्रेम त्याच्या वर उचलली जाते. त्याला वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही व्यासात वाढलेल्या मापाच्या निम्म्यानंच.

हिशेब करून पाहा. माझ्या गाडीचे मूळ टायर २६५/७० आर १६. त्यांचा व्यास ७७७ मिमी, म्हणजे ३०.६ इंच. त्याऐवजी २६५/७५ आर १६ लावले तर ८०४ मिमी, ३१.६ इंच. व्यास २७ मिमी वाढला, डिफरन्शियल जमिनीपासून जेमतेम १३ मिमी वर गेला. आणि स्पीडोमीटर साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवायला लागला: काटा ७० वर असताना गाडी ७२ च्या वर धावते. हौसेनं २८५/७५ आर १६ लावलेत तर व्यास ३२.८ इंच होतो, पण टाकोमासारख्या गाडीत तो टायर वळताना केबिनच्या माउंटला आणि मडगार्डच्या अस्तराला लागतो. मग कापाकापी आली. जाड, दहा प्लायच्या ऑफ-रोड टायरचं वजनही प्रत्येकी दहा-पंधरा पौंडांनी जास्त असू शकतं. ते वजन ब्रेकला थांबवावं लागतं आणि इंजिनाला फिरवावं लागतं. गाडी आळसावल्यासारखी वाटते आणि पेट्रोलही जास्त लागतं.

म्हणून आधी वाट ठरवा. सान हुआनच्या डोंगरातला इंजिनियर पास चढायचा असेल तर मूळ उंचीची फोर-व्हील-ड्राइव्ह टाकोमा नीट चालवून जाते. तिथं लिफ्टपेक्षा चांगले टायर आणि पोटाखालची जाड पत्र्याची स्किड प्लेट जास्त कामाची. युटामधल्या मोॲबच्या खडकांवर, जिथं चाकाएवढी पायरी चढायची असते, तिथं मात्र मोठा टायर लागतो आणि त्याला जागा करून देण्यासाठी लिफ्ट लागते. लिफ्टचं खरं काम हेच, टायरला जागा देणं. ३१-३२ इंचांच्या टायरवर तुमचं भागत असेल तर चार-सहा इंचांच्या लिफ्टचा विचार तिथंच सोडून द्या.

लेव्हलिंग कसकसं करतात

आजच्या बहुतेक हलक्या पिकअपमध्ये पुढची दोन चाकं स्वतंत्र असतात. कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक असलेला खांब खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या लोखंडी हातावर, मधोमध उभा असतो. आर्मच्या टोकाला चाक आणि मधोमध खांब, त्यामुळे खांबाच्या डोक्यावर एक इंचाचा तुकडा घातला की चाकापाशी गाडी जवळपास दोन इंच उचलली जाते. माझ्या अडीच इंचाच्या किटमधला धातूचा तुकडा सव्वा इंचाचाच होता. जाडी पाहून “एवढ्यानं काय होणार” म्हणत दोन तुकडे एकावर एक ठेवणारे लोक आहेत. ते कधीही करू नका.

हा वरचा स्पेसर सगळ्यात स्वस्त, साधारण शंभर-दोनशे डॉलरचं काम. स्प्रिंग तीच राहते, म्हणून गाडी जशी चालत होती बरीचशी तशीच चालते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चाक आता मूळच्यापेक्षा जास्त खाली लोंबतं, आणि वरचा आर्म त्याच्या शेवटाला जातो. स्पीड ब्रेकरवरून उतरताना चाक खाली जायला बघतं आणि आर्म शेवटाला टेकून ठोका देतो. तो ‘ठक’ आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही.

दुसऱ्या प्रकारात तुकडा स्प्रिंगच्या आत घालून तिला आधीच दाबून ठेवतात. यानं स्प्रिंगचा कडकपणा वाढत नाही, पण शॉकअप सतत पूर्ण ताणलेल्या टोकाजवळ राहतो आणि गाडी आदळल्यासारखी वाटते. तो खोलायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. मधला नट कॉम्प्रेसर न लावता सोडला तर दाबलेली स्प्रिंग सुटून जीव जाऊ शकतो. हे काम घरी करू नका.

तिसरा मार्ग महाग, पण मला सगळ्यात पटलेला: नवे कॉइलओव्हर, ज्यांची स्प्रिंग आणि शॉकअप त्या उंचीसाठीच बनवलेले असतात. जोडीला हजार डॉलर किंवा त्याहून वर खर्च येतो. बऱ्याचशांमध्ये उंची थोडी कमी-जास्त करता येते, त्यामुळे डाव्या बाजूचा अर्धा इंचाचा कलही काढता येतो.

शेव्हरोले आणि जीएमसीच्या २५००एचडी गाड्यांत पुढे कॉइल नसून टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, असतात. तिथं बोल्ट आवळून नाक उचलता येतं, फारच थोडं उचललंत तर ठीक. फोर्ड सुपर ड्यूटी आणि रॅम २५०० च्या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढे सलग ॲक्सल आहे. तिथं स्प्रिंग उंच केली की ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो, त्याला जागेवर आणणारा ट्रॅक बार जुळवून घ्यावा लागतो. तो ढिला किंवा चुकीचा राहिला तर एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की गाडी थांबवेपर्यंत थांबत नाही.

पन्हळीतून उडालेलं ग्रीस

माझ्या गाडीला स्पेसर बसवून आठ महिने झाले होते. हिवाळ्याचे टायर चढवताना उजव्या पुढच्या चाकाच्या रिमच्या आत बोटाएवढ्या जाडीचा काळा पट्टा दिसला. ग्रीस. फिरत्या दांड्यानं भिरकावल्यासारखं ते शॉकअपवर, ब्रेकच्या नळीवर, आर्मवर, सगळीकडे गोल उडालेलं. चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर, म्हणजे सीव्ही जॉइंटवर, रबराची भात्यासारखी पन्हळीदार टोपी असते, तिच्या दोन पन्हळी एकमेकींना घासून मधोमध चिरल्या होत्या. बोट लावलं तर आत कचकच, धूळ शिरलेली. पुढची बाजू उचलली की फ्रेमला जोडलेला पुढचा डिफरन्शियल वर जातो, चाक जमिनीवरच राहतं, आणि डिफरन्शियलमधून चाकाकडे जाणारा दांडा जास्त तिरका होतो. त्या कोनात पन्हळी दाबल्या जातात आणि घासतात. ज्या दुकानानं किट बसवलं त्यानं याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. विचारायला हवं हे मलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी कुणालाही सांगतो: कुठल्याही किटबद्दल विचारताना “किती इंच मिळेल” हे शेवटी विचारा. आधी विचारा, चाक लोंबकळत असताना सीव्ही दांड्याचा कोन किती होतो? वरच्या आर्मचा बॉल जॉइंट शेवटाला टेकतो का, तो आर्म स्प्रिंगला लागतो का? ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जाते का? अलाइनमेंटमध्ये कास्टर पुरेसा मिळेल का? कास्टर म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकलेला असणं. सायकलचा पुढचा काटा तिरका असतो ना, तसंच हे. नाक उचललं की तो कमी होतो, आणि मग हायवेवर गाडी सरळ धरून राहत नाही, सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं. दीड इंचापर्यंत बहुतेक गाड्यांत मूळ भागांवर निभावतं. अडीच-तीनला पोचलात की नवे वरचे आर्म धरूनच बजेट करा.

लिफ्टचे तीन प्रकार आणि त्यांची पथ्यं

बॉडी लिफ्टमध्ये फ्रेम आणि केबिनच्या मधे ठोकळे घालून फक्त वरचं शरीर उचलतात. सस्पेन्शनला हात लागत नाही, त्यामुळे कोन बिघडत नाहीत, टायरला जागा मिळते. पण बंपर, रेडिएटरच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा, सगळ्यांची जुळवाजुळव करावी लागते आणि फ्रेम खाली उघडी दिसते. मला हा प्रकार आवडत नाही, एवढंच सांगून पुढे जातो.

दोन-तीन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट हा बहुतेक घरगुती पिकअपचा खरा मुक्काम. पुढे योग्य कॉइलओव्हर आणि नवे वरचे आर्म, मागे एक जादा पाटा किंवा संपूर्ण नवा पाट्यांचा संच, आणि त्या उंचीचे शॉकअप. मागे स्वस्तात उंची हवी म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या मधे ठोकळा ठेवतात. एक घट्ट बसणारा, कंपनीनं बनवलेला ठोकळा चालतो, सोबत लांब यू-बोल्ट हवेतच. ठोकळ्यावर ठोकळा नको. जोर लावताना ॲक्सल पिळून पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वाकतात, ठोकळा जितका उंच तितकं ते जास्त. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा तर कधीच नको. ज्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलला भार ओळखून ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह जोडलेला असतो, तिथं मागची बाजू उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते. त्याचं माप नव्यानं जुळवा.

चार ते सहा इंचांची लिफ्ट ही वेगळीच शस्त्रक्रिया आहे. आर्मचे बिजागर, पुढचा डिफरन्शियल, सगळं नव्या ब्रॅकेटवर खाली आणतात, चाक धरून ठेवणारे नकल बदलतात, मागचा प्रोपेलर शाफ्ट कोनात बसवतात. कोन सुधारतात, ही जमेची बाजू. पण डिफरन्शियल पुन्हा खालीच आला, म्हणजे पुढच्या पोटाखालची जागा दिसते तेवढी वाढत नाही. अनेक किटांत मूळ फ्रेमच्या आडव्या पट्टीचा भाग कापावा लागतो, आणि तो कापला की परतीची वाट बंद. दोन-तीन हजार डॉलरचं किट, त्यावर मजुरी, त्यावर ३५ इंचांचे टायर, त्यावर ते फिरवायला बदललेला गिअर रेशो.

घरातल्या दोन गोष्टीही मोजा. अमेरिकेतल्या बऱ्याच गॅरेजांचं दार ७ फुटी, म्हणजे ८४ इंच असतं. फोर-व्हील-ड्राइव्ह एफ-१५० मूळचीच ७७ इंचांच्या आसपास उंच आहे. सहा इंच लिफ्ट आणि मोठ्या टायरचा दीड इंच मिळवा, गाडी कायमची बाहेर उभी राहील. आणि भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांचा गुडघा लक्षात घ्या. माझ्या आईला मूळ उंचीवरही दांडीला धरून, पायफळीवर पाय ठेवून, दोन टप्प्यांत चढावं लागतं.

मग निवड कशी करायची

गाडी बहुतेक वेळा रिकामी, हौद्यात क्वचित सामान, ट्रेलर नाही, पण नाक खाली दिसणं सहन होत नाही: उतार पूर्ण काढू नका. मागची बाजू अर्धा ते एक इंच उंच राहील एवढंच लेव्हलिंग करा. पाच माणसं आणि सामान भरल्यावरही नाक वर जाणार नाही. सगळे कोन सुरक्षित राहतील, पुढच्या बंपरखाली दगड-चढाला जागा वाढेल.

ट्रेलर नियमित ओढत असाल तर पहिले पैसे मागं घाला, पुढं नव्हे. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर येतो; ३,००० पौंडांच्या कॅम्परचा ३०० ते ४५०. मागच्या पाट्यांवर हवेचे फुगे बसवून, किंवा वजन पुढच्या चाकांकडे वाटून देणारा हिच लावून, भरलेली गाडी सपाट ठेवा. त्यानंतरही पुढे एक इंच हवा असेल तर घ्या. मात्र फुगे आणि जादा पाटे गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढवत नाहीत. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं आणि माल मिळून किती पौंड हे लिहिलेलं असतं. टाकोमात तो आकडा साधारण हजार-अकराशेच्या घरात असतो. लिफ्टचं लोखंड आणि जड टायर त्याच आकड्यातून वजा होतात.

खडक, खोल चर, ३३ इंचांचे टायर, वर्षातून आठ-दहा वेळा तरी: दोन-तीन इंचांची चांगली सस्पेन्शन लिफ्ट. एकदाच खर्च करा, स्पेसरनं सुरुवात करून वर्षभरात पुन्हा सगळं बदलू नका. मी तेच केलं आणि अलाइनमेंटचे पैसे दोनदा भरले. चार इंचांच्या पलीकडे फक्त त्यांनी जावं ज्यांच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे.

बसवण्याचा दिवस

चाकं सोडण्याआधी फ्रेमखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करा, नाहीतर अँटी-रोल बारच्या ताणामुळे दुसरी बाजू जागेवर बसत नाही. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नका. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. चांगल्या मेकॅनिककडूनही ही गोष्ट घाईत राहून जाते, म्हणून समोर उभं राहून विचारा. पुन्हा वापरू नका असं ज्या नटांबद्दल मॅन्युअल सांगतं, ते नवेच घाला.

त्याच दिवशी अलाइनमेंट. छापील कागद मागून घ्या आणि त्यात कास्टरचे डावे-उजवे आकडे पाहा. मग हेडलाइट: सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून झोताची वरची कड चिकटपट्टीनं खूण करा आणि मॅन्युअलप्रमाणे खाली आणा. हे काम सुरू करण्याआधीच मूळ झोताची खूण करून ठेवलीत तर सोपं जातं. काचेमागे कॅमेरा किंवा जाळीमागे रडार असलेल्या गाड्यांत, माझ्यासारख्या २०१८ च्या आणि नंतरच्या टाकोमात दोन्ही आहेत, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा याच कोनांवर चालते. तिचं कॅलिब्रेशन तपासून घ्या.

कायदा, वॉरंटी आणि भारतातल्यांसाठी

अमेरिकेत उंचीचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात ४,५०१ ते ७,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या (कंपनीनं ठरवलेलं, गाडी आणि माल मिळून कमाल वजन) गाडीची फ्रेम जमिनीपासून ३० इंचांहून उंच चालत नाही. नॉर्थ कॅरोलायनानं १ डिसेंबर २०२१ पासून, पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच करणं बेकायदा ठरवलं. मुद्दाम नाक आभाळात आणि शेपूट जमिनीला अशी गाडी करण्याची जी टूम आहे ती यात सापडते, कारण बोनेटपुढचा रस्ताच दिसत नाही. वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा तुमच्या बाजूनं आहे: बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. पण स्पेसरमुळे सीव्ही जॉइंट गेला, तर तो खर्च तुमचाच. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

नाशिकला इसुझूची व्ही-क्रॉस चालवणारा माझा मामेभाऊ हेच विचारत होता. त्याला मी नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ मापांपासून गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलं आहे. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याची मागची बाजू एका अंगाला बसली होती. पाहिलं तर एक पाटा तुटलेला. त्याच मापाचा नवा संच, नवे शॉकअप, टायरमध्ये बरोबर हवा, आणि गाडी पुन्हा ताठ उभी राहिली.

बसवल्यानंतर पहिल्या काहीशे मैलांत नवी स्प्रिंग थोडी बसते. ५०० मैल झाले की सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा, यू-बोल्ट तर नक्कीच, आणि चारही चाकांची मापं त्याच सपाट जागी पुन्हा घ्या. माझा कागद ग्लोव्ह बॉक्समध्येच असतो. कॉइलओव्हरनंतर पुढे दोन्हीकडे एकवीस, मागे साडेएकवीस; आणि फुग्यात हवा भरून, कॅम्पर जोडून, मागे सव्वाएकवीस.